संसदेच्या समितीत कोणता खासदार काय बोलला, हे शोधायचं कुठे?

कपाशीवाली (यवतमाळ)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर प्रश्न नीट कळायचा नाही.

मार्च 2012 मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती आमच्या जिल्ह्यात आली होती. बीटी (जनुकीय बदल केलेल्या) कापसाबद्दल शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायला खासदार भांबराजा गावाला आले, तेव्हा माझे बाबा बाजूच्या गावाहून सायकलनं तिथं गेले. आमची पाच एकर, सगळी कोरडवाहू. बाबा सभेत कधी तोंड न उघडणारे, पण त्या दिवशी उठून बोलले. ते वाक्य त्यांना अजून पाठ आहे: "पयले दोन साल बरे गेले साहेब, मंग नुसता खर्चच खर्च."

त्यावर एका खासदारांनी विचारलं, मग घरचं बियाणं का राखत नाही? बाबांनी सांगितलं की हे संकरित आहे, त्याची सरकी पेरली तर दुसऱ्या साली तसं पीक येत नाही, म्हणून दर जूनमध्ये पाकीट विकत घ्यावंच लागतं. ते खासदार म्हणाले, हे मी दिल्लीत समितीपुढे मांडीन. कुणीतरी वहीत लिहूनही घेत होतं.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, बाजेवर पडून असतात. गेल्या महिन्यात मला म्हणाले, "थो साहेब बोल्ला का नाई तिथं, पाह्य बरं." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे फार थोडं मागितलंय. म्हणून तीन रात्री शोधतेय.

लोकसभेच्या संकेतस्थळावर त्या खासदारांचं नाव टाकलं तर सभागृहातली भाषणं मिळाली, समितीतलं एक अक्षर नाही. बाबांचं नाव, गावाचं नाव, काहीच सापडत नाही. हिंदी अहवालाची पीडीएफ उघडून 'कपास' शोधलं तर शून्य, आणि डोळ्यांसमोर पानावर 'कपास' छापलेलं दिसतंय! माझं शोधणं चुकतंय, की हे बोलणं कुठं नोंदलेलंच नाही?

निवृत्त_ग्रंथपाल (नागपूर)

ताई, दोन्ही गोष्टी आहेत. आधी सोपी सांगतो.

जुन्या हिंदी पीडीएफ युनिकोडमध्ये नसतात. पानावर 'कपास' दिसतं, पण आतमध्ये भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे शोधपेटीला ते सापडत नाही. शब्द निवडून दुसरीकडे चिकटवून बघा, लगेच कळेल. त्याहून जुन्या पीडीएफ तर नुसती स्कॅन केलेली चित्रं असतात. म्हणून इंग्रजी प्रत घ्या आणि स्पेलिंगं बदलून बघा. यवतमाळचं जुनं स्पेलिंग वाय-ई-ओ असं सुरू होतं. भांबराजा एका ठिकाणी जोडून, दुसऱ्या ठिकाणी तोडून लिहिलेलं असू शकतं. माणसांच्या नावांचा तर हिशेबच नाही.

तुम्हाला हवा आहे तो पंधराव्या लोकसभेच्या कृषी समितीचा 37 वा अहवाल, ऑगस्ट 2012 चा. अध्यक्ष वासुदेव आचार्य. विषय जनुकीय बदल केलेली अन्नपिकं. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत समित्यांच्या अहवालांचा वेगळा विभाग आहे, तिथं लोकसभेचा क्रमांक आणि समितीचं नाव लावून चाळा. नुसता शब्द टाकून शोधत बसाल तर हजारो कागद अंगावर येतील.

आता अवघड गोष्ट. आपल्याकडे समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. लोकसभेच्या नियमावलीत 266 वा नियम तसा स्पष्ट आहे. 275 व्या नियमाप्रमाणे समितीपुढची साक्ष आणि कामकाज सभागृहाच्या पटलावर ठेवल्याशिवाय कुणालाही प्रसिद्ध करता येत नाही, खुद्द सदस्यालाही नाही. शब्दशः टिपण होतं. अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, ती बघा: हजर सदस्यांची यादी, साक्षीदारांची यादी, चर्चेचे दोन-चार मुद्दे, 'साक्षीदार निघून गेले', आणि मग शब्दशः वृत्तांत ठेवला आहे अशी एक ओळ. तो वृत्तांत तुमच्या-माझ्या हाती येत नाही. नोकरीत असताना मी ती ओळ शेकडो वेळा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

मजकुरातसुद्धा सदस्यांची नावं येत नाहीत. 'समितीने विचारले', 'मंत्रालयाच्या प्रतिनिधीने सांगितले', 'समितीचे मत झाले', एवढंच. समितीत एकवीस लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे असे एकतीस खासदार, पण कागदावर आवाज एकच.

आणि भांबराजाची भेट हा अभ्यासदौरा होता. दौऱ्यातली बोलणी अनौपचारिक धरतात, तिथं निर्णय होत नाहीत. वहीत लिहून घेणारा बहुधा सचिवालयाचा माणूस असणार. ते टिपण अहवाल लिहिताना वापरतात. म्हणून बाबांचं नाव शोधू नका. 'विदर्भ' शोधा, आणि ठळक अक्षरांतल्या निष्कर्षांच्या भागात शोधा. शेतकऱ्यांचं म्हणणं तिथंच मुरलेलं असतं.

टेम्सकाठी (लंडन)

वाचून गलबलून आलं, ताई. माझं आजोळ वणीचं.

इथल्या संसदेच्या निवड समित्यांची साक्ष सहसा उघड्यावर होते. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो, विचारणाऱ्या खासदाराचं नाव असतं, त्याखाली साक्षीदाराचं उत्तर. चित्रफीतही बघता येते. कामासाठी मी हे वृत्तांत सतत वाचतो. कुठल्या खासदारानं एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याला धारेवर धरलं आणि कोण गप्प बसून राहिलं, हे कुणालाही घरबसल्या दिसतं. आपल्याकडेही निदान साक्षीचा भाग खुला करायला काय हरकत आहे?

निवृत्त_ग्रंथपाल (नागपूर)

हरकत घेणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. दार बंद असतं म्हणून खासदार पक्षाची झूल उतरवून बोलतात. हाच अहवाल बघा. समितीत सत्ताधारी पक्षाचेही सदस्य होते, तरी सरकारच्या धोरणाविरुद्ध, शेतातल्या चाचण्या थांबवा इथपर्यंत, अहवाल एकमतानं झाला. कॅमेरे असते तर हे जमलं असतं का, मला शंका आहे. पण अहवाल पटलावर आल्यानंतरही साक्ष कुलपातच राहावी, याचं समर्थन मला करता येत नाही.

जुना_वार्ताहर (पुणे)

ताई, त्या खासदारांचा माग काढायच्या आणखी वाटा आहेत.

विमतपत्रिका, म्हणजे अहवाल न पटलेल्या सदस्याचं लेखी मत, ही समितीच्या कागदांत खासदार स्वतःच्या नावानं बोलतो अशी जागा. 2021 च्या डिसेंबरमध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकावरचा संयुक्त समितीचा अहवाल आला, त्याला जयराम रमेश, मनीष तिवारी अशा सदस्यांच्या विमतपत्रिका जोडलेल्या आहेत. कुणाचा कुठल्या कलमाला विरोध, सगळं स्वच्छ. तुमचा अहवाल एकमताचा, त्यामुळे तिथं ते मिळणार नाही.

दुसरं, इतिवृत्तांतली हजेरी. ते खासदार कोणत्या तारखांना बसले होते आणि त्या दिवशी साक्षीला कोण होतं, हे जोडून बघा. बोलले की नाही ते कळणार नाही, पण नव्हतेच हे तरी कळेल.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचं: समितीत ऐकलेलं खासदार पुढे प्रश्नोत्तरांत वापरतात. 2012 नंतरचे त्यांचे तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न कृषी मंत्रालय लावून गाळा. 'बियाणे', 'संकरित', 'कापूस' यांचे इंग्रजी शब्द टाका. कृती अहवालही सोडू नका. शिफारशींवर सरकारनं काय उत्तर दिलं ते त्यात असतं, आणि चौथ्या प्रकरणात समितीनं न स्वीकारलेली उत्तरं. सरकारनं कुठं टाळाटाळ केली ते बहुतेक वेळा तिथंच सापडतं. हाच विषय राज्यसभेच्या विज्ञान-पर्यावरण समितीनं 2017 मध्ये 301 व्या अहवालात पुन्हा घेतला, तोही बघा.

माहिती अधिकारात शब्दशः वृत्तांत मागू नका. कलम 8(1)(c) मधली विशेषाधिकारभंगाची सबब पुढे करून नाकारतात. मी एकदा मागून बसलोय.

कपाशीवाली (यवतमाळ)

काका, दादा, सगळ्यांचे आभार. चार दिवस लागले, पण सापडलं.

इंग्रजी प्रत उतरवून घेतली आणि काका म्हणाले तसं विदर्भ शोधत निष्कर्षांपर्यंत गेले. तिथं समितीनं यवतमाळच्या कापूस उत्पादकांशी झालेल्या बोलण्याचा उल्लेख केलाय. शेतकऱ्यांना या पिकाचा फायदा झाला नाही, गुंतवणूक कितीतरी पटीनं वाढली, ती न झेपणाऱ्यांच्या डोक्यावर कर्ज चढलं, असं लिहिलंय. पुढं एक वाक्य आहे, ते मी चारदा वाचलं: सुरुवातीच्या काही वर्षांचा हर्ष ओसरल्यावर बीटी कापसानं छोट्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या हालात भरच घातली.

काही वर्षांचा हर्ष, आणि मग हाल. पयले दोन साल बरे गेले साहेब, मंग नुसता खर्चच खर्च.

हे बाबांचंच वाक्य आहे असं मी म्हणत नाही. त्या दिवशी तिथं कितीतरी जण असंच बोलले असतील, सगळ्यांच्या वावरात तेच चाललं होतं.

खासदारांचंही बघितलं. त्यांचं नाव काही बैठकांच्या हजेरीत आहे, काहींत नाही. बियाण्याचा मुद्दा त्यांनी आत मांडला की नाही, ते त्या कुलपातल्या कागदांत आहे. ते खासदार आहेत, शब्द देऊन गेले होते. शब्द पाळला असेल तर त्याचं श्रेय त्यांना मिळायला हवं, नसेल तर माझ्या बाबांना तसं कळायला हवं. दोन्हीपैकी काहीच होऊ शकत नाही, याचा मला राग आहे आणि तो जात नाहीये. प्रश्नोत्तरं अजून चाळते आहे. 2013 पर्यंत पोचले.

काल संध्याकाळी बाजेजवळ बसून बाबांना तो भाग मराठीत करून वाचून दाखवला. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि विचारलं, "अन् बियान्याचं?" मी म्हटलं, पाहतेय बाबा. ते म्हणाले, "पाह्य. सांगतो म्हने, म्हून इचारलं."