मालिकेतल्या बापाला आरोग्यमित्र का भेटत नाही?

मिरजकर :
कालचा एपिसोड बघितला का? पोरीच्या हृदयाला होल, ऑपरेशनला चार लाख पाहिजेत म्हणून बापानं द्राक्षबाग सावकाराला लिहून दिली. माझी आई शेजारी बसून रडत होती, मला मात्र संताप आला. इतके दिवस मालिका चाललीय आणि एक माणूस त्याला म्हणत नाही की बाबा रेशनकार्ड घे आणि आरोग्यमित्राकडं, म्हणजे दवाखान्यात योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाकडं, जा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, शिवाय २०१३ पासून अंगणवाडीत नि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, त्यात असं पोरगं सापडलं की ऑपरेशन फुकट होतं. एका सीनमध्ये दाखवायला काय जातंय?

जतची लेक :
दादा, नाही पटलं. माझ्या भावाच्या पोराचंच सांगते, रेशनकार्डावर त्याचं नावच चढलेलं नव्हतं, आधारला जन्मतारीख वेगळी, तहसीलला चार हेलपाटे झाले आणि तोवर हॉस्पिटलनं डिपॉझिट भरायला लावलं. वहिनीचं गंठण मोडलं. त्या बापाच्या जागी मला भाऊच दिसत होता. ते खोटं नाही.

कऱ्हाडचा :
ताईंशी सहमत. आणि सगळे आजार योजनेत बसतात असंही नाही. एसएमए म्हणजे पोरांचे स्नायू कमजोर करणारा आनुवंशिक आजार, त्याचं जीन थेरपीचं इंजेक्शन १६ कोटींच्या घरात, तिथं ५ लाख कुठं पुरणार? आईबाप लोकांपुढं पदर पसरतात ते हौसेनं नाही. मालिका म्हणजे सरकारी जाहिरात नव्हे.

मिरजकर :
एसएमएचं मान्य. पण इथं आजार होल आहे, तो योजनेत बसतो! ताई, तुमच्या भावाचे हेलपाटेच दाखवा की मग, बाप तहसीलच्या दारात उभा आहे, कारकून उद्या या म्हणतोय, त्यातही रडू येतंच. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात, हे तुमच्या भावाला कुणी सांगितलं होतं का?

जतची लेक :
नाही. कुणीच नाही. सांगितलं असतं तर गंठण राहिलं असतं. त्याच्या धाकट्या पोराचंही नाव अजून कार्डावर नाही, उद्या सकाळीच भावाला पाठवते.