मदत हवी आहे: आंबेनळी घाटाचे जुने फोटो किंवा नकाशे आहेत का कुणाकडे?

नमस्कार मंडळी. पोलादपूर ते महाबळेश्वर हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा राज्य मार्ग. माझे आजोबा या घाटात मैलकुली होते. पावसाळ्यात दरड आली की घमेलं-फावडं घेऊन पहिले तेच पोचायचे, अंगावर इरलं.

त्यांच्या ट्रंकेत एक चुरगळलेला कागद सापडलाय. त्यावर घाटाचं नाव 'फिट्झगेराल्ड' लिहिलंय. 1867 ते 1872 मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेल्या साहेबाचं हे नाव. कागदावर पेन्सिलीने रस्त्याखालच्या मोऱ्यांचे आकडे मांडलेत आणि एका वळणापाशी फक्त 'पाणी' असं लिहिलंय. ते वळण मला ओळखायचंय!

गाडीरस्ता होण्याआधीची वाट पार घाटाची, प्रतापगडाखालच्या पार गावातून कोकणात उतरणारी. 1659 साली अफझलखान याच मुलखात आला होता. पारचा कोयनेवरचा जुना दगडी पूल मी पाहिलाय, पण पुढची पायवाट झाडीत हरवते.

1. पार घाटातून खाली चालत गेलेलं कुणी आहे का? वाट आजच्या डांबरी रस्त्याला नेमकी कुठे मिळते?
2. वाडा कुंभरोशीच्या आसपास दगडी मैलाचा दगड अजून शिल्लक आहे का? फोटो असेल तर फारच छान.
3. जुलै 2021 च्या दरडींआधीचे वळणांचे फोटो हवेत. तेव्हा रस्ता जागोजागी तुटला होता, त्यामुळे आताच्या फोटोंवरून ताळा जुळत नाही.

गॅझेटियर चाळून झालंय, त्याची लिंक नको. घरातल्या आठवणी, एस्टीचं जुनं तिकीट, काहीही चालेल.