लॅपटॉपवर गुगलच्या जागी भलतंच पान उघडतंय, कोणाला माहितीय का?

सी-३०२: मंडळी, कालपासून माझ्या क्रोममध्ये वर काहीही टाइप केलं की गुगल येतच नाही, कुठलं तरी अनोळखी पान येतं आणि वरच्या सात-आठ लिंका सगळ्या जाहिराती. मुलीच्या प्रोजेक्टसाठी पीडीएफचं वर्ड करायला एक फुकटचा कन्व्हर्टर घेतला होता, तेवढंच केलंय मी.

ए-१०१: वहिनी, सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन म्हणून आहे, तिथे गुगल निवडा.

सी-३०२: तेच करतेय काका, तीनदा केलं, बंद करून उघडलं की परत तेच.

बी-२०४: ताई, नुसतं बदलून नाही राहणार, तो कन्व्हर्टर एक्स्टेन्शन म्हणून, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम म्हणून बसलाय आणि तोच सर्च इंजिन धरून ठेवतोय. आधी त्याला काढा. उजवीकडे वर तीन टिंबं, त्यात एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स. जे ओळखीचं नाही ते रिमूव्ह करा, नुसतं ऑफ करून ठेवू नका. विंडोजच्या अ‍ॅप्सच्या यादीतही बघा, काल-परवाच्या तारखेचं काही आलं असेल तर तेही काढा. मग गुगल निवडा. आणि सेटिंग्जच्या ऑन स्टार्टअपमध्ये, म्हणजे क्रोम उघडल्यावर कुठलं पान यावं तिथे, त्याचा पत्ता घुसलाय का तेवढं बघा, ते सगळे विसरतात.

बी-२०४: तरीही नाही गेलं तर रिसेट सेटिंग्ज करा. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, घाबरू नका, फक्त काही ठिकाणी परत लॉगिन करावं लागेल.

डी-४०१: हे हलक्यात घेऊ नका प्लीज. गेल्या वर्षी आमच्या सासऱ्यांनी गॅसच्या तक्रारीसाठी नंबर शोधला, सगळ्यात वर आला तो लावला, तो जाहिरातीतला खोटा निघाला, समोरच्याने गोड बोलून मोबाइलवर एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि १८ हजार गेले. माणूस महिनाभर नीट जेवला नाही. आम्हाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर दुसऱ्या दिवशी कळला, तो लगेच लावायचा असतो. नंबर हवा तर पासबुकावरून, बिलावरून घ्या, सर्चमधून नको.

ए-१०१: बापरे. पण मुळात सगळीकडे गुगलच कसं आधीपासून असतं?

बी-२०४: काका, ती जागा विकत घेतलेली असते. आयफोनच्या सफारीत गुगल राहावं म्हणून गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २००० कोटी डॉलर दिले, अमेरिकेतल्या खटल्यात ते बाहेर आलं. कारण आपण कोणी सेटिंग उघडतच नाही, आहे ते वापरतो. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि नवीन फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडू द्या असं सांगितलं. मी स्वतः डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन ठेवलंय, मागे मागे येणाऱ्या जाहिराती नको वाटतात म्हणून, पण मराठीत काही शोधायचं तर अजून गुगलच बरं पडतं, खरं ते सांगतो.

सी-३०२: गेलं!! एक्स्टेन्शनमध्ये तोच होता आणि सोबत कूपनचं काहीतरी, ते मी कधी टाकलंच नव्हतं. दोन्ही काढली, लॅपटॉप दोनदा बंद करून उघडला, गुगलच येतंय. खूप आभार दादा. या दोन दिवसांत बँकेचं लॉगिन केलं होतं त्याचं काय?

बी-२०४: पासवर्ड बदला ताई, आत्ताच. आणि या लॅपटॉपवरून नको, मोबाइलवरच्या बँकेच्या अ‍ॅपमधून बदला.

ए-१०१: माझ्याकडे पण ते कूपनवालं दिसतंय रे. संध्याकाळी येशील का जरा?

बी-२०४: येतो काका, साडेसातला. तोवर त्यावर बँकेचं काही उघडू नका.