थायरॉइडची गोळी चालू हाय अन् आंगातून वाफा निघतेत, गोळी बंद करू का?

दारव्ह्याकडची:
नमस्कार सगळ्याइले. माहं वय 57, पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाली. थायरॉइडची 75 ची गोळी चालू होती. दिवाळीच्या अगोदर रिपोर्ट वाढून आला म्हणून डॉक्टरनं 100 ची करून देली. आंगातून लाटा पाळी गेली तेव्हापासूनच येत होत्या, पण मधात कमी झाल्या होत्या. आता पुन्हा वाढल्या. छातीतून गरम उठते, मानेवरून तोंडावर चढते, कान तापतेत, पोलकं घामानं वलं होते अन् मंग एकदम गारठा भरते. घरचे म्हणतेत ऊन हाय, सगळ्याइलेच होते. पण पौषात सगळे शेकोटीपाशी बसत तवा बी मी वाकय फेकून देत होती.

आता तर पारा 44 च्या वर. चुलीपाशी भाकरी थापता थापता लाट आली का तवा उतरवून ओट्यावर येऊन बसा लागते. रातच्यानं झोप नाई. छाती धडधडते, अन् लाट उतरली तरी धडधड राहतेच. बांगड्या हातातून सरकून राह्यल्या, एवढी वायली मी.

सून म्हणते गोळी गरम पडते, दोन-चार दिवस बंद करून पाहा. शेजारीण म्हणते सोयाबीन खा, पाळी गेल्यावरच्या तरासाले बरं असते, म्हणून गव्हात सोयाबीन टाकून दळून आणलं. गोळी सकाळी चहासंगच घेते, रातच्याले कॅल्शियमची. हे पाळीचं हाय का थायरॉइडचं? तालुक्याले जायचं म्हणजे एक रोज बुडते, म्हणून अगोदर इथं विचारून राह्यली. कोणाले माहीत असंन तर सांगजा.

निवृत्त सिस्टर:
ताई, मी उपकेंद्रावर नोकरी केली आहे, तुमच्यासारख्या कितीतरी बाया पाहिल्या. पहिली गोष्ट, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ती रक्तात हळूहळू उतरते, निम्मी व्हायलाच आठवडाभर लागतो. दोन-चार दिवस बंद ठेवून काहीच कळत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन वेगळे त्रास दिसतात. लाट येते, काही मिनिटांत उतरते आणि मागून थंडी वाजते, हे पाळी गेल्यावरचं आहे. काही बायांना ते सात-आठ वर्षं आणि त्याहूनही जास्त चालतं, म्हणून 57 ला येणं नवल नाही. पण लाट नसतानाही धडधड, वजन उतरणं, झोप उडणं, हे गोळीचा डोस जास्त होत असल्यावर होतं. हात समोर पसरून त्यावर एक कागद ठेवून पाहा, तो थरथरतो का? सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावरची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बसल्या-निजल्या 100 च्या वर जात असेल किंवा ठोके मागे-पुढे पडत असतील, तर रोज बुडाला तरी चालेल, त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर सकाळचीही वाट पाहू नका. या वयात जास्तीचा डोस हृदयाला बाधतो आणि हाडं ठिसूळ करतो.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची असते; गोळी जास्त झाली की तो आकडा खाली जातो. तुमचा डोस दिवाळीआधी वाढला आणि आता वैशाख आहे. मधात तपासणी झालेली दिसत नाही, मला काळजी तिथंच वाटते. ग्रामीण रुग्णालयात विचारा, नाहीतर यवतमाळला शासकीय मेडिकलला जा. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या.

आणि हे नीट वाचा. चहासोबत गोळी घेतली तर ती पुरती अंगी लागत नाही, सोयाबीनही तिला अडवतं. हे ऐकून उद्यापासून चहा लांबवाल, तर तीच 100 ची गोळी जास्त लागू होईल आणि धडधड वाढेल. म्हणून आधी जसं चाललंय तसंच ठेवून रक्त द्या. डॉक्टरला चहाचं, सोयाबीनच्या पिठाचं, कॅल्शियमचं सगळं सांगा, मग त्यांच्या सल्ल्यानं एकदाच बदला. नीट पद्धत म्हणजे उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत आणि चहा अर्धा-पाऊण तासानं. कॅल्शियम रात्री घेता ते चांगलंच आहे, त्यात चार तासांचं अंतर लागतं.

संध्याकाळी बारीक ताप, खोकला, भूक नाही असं असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. घाम येणारी प्रत्येक बाई पाळीचीच असते असं नाही.

वरूडचा संत्रावाला:
काकू, माझ्या आईची थायरॉइडची गोळी आहे म्हणून सांगतो. ती डबी टिनाखालच्या खिडकीत ठेवायची. दुपारी तिथं हात लावला तर चटका बसायचा. किती डिग्रीच्या खाली ठेवायची ते डबीवर छापलेलं असतं. आता आम्ही माठाजवळच्या कोनाड्यात ठेवतो, वलाव्यापासून जराशी दूर. आणि मेडिकलवाला दर वेळी दुसऱ्या कंपनीची गोळी देत असेल तर घेऊ नका, एकच धरा. बदललीच तर डॉक्टरच्या कानावर घाला.

सेलूची मावशी (वर्धा):
बाई, रातच्या लाटांनी मी पार टेकीला आली होती. कूलर लावला तर पावसाळ्यात त्याची वल उलटी घुसमटवते, म्हणून मी सुती लुगड्याचं फडकं वलं करून पिळून उशाशी ठेवते, लाट उठली का मानेवर अन् छातीवर. संध्याकाळी चहा बंद केला, ठेच्याचं जेवण दुपारीच. मले फरक पडला, सगळ्याइलेच पडंन असं नाई.

बायांच्या डॉक्टरीणबाईनं मले हार्मोनच्या गोळ्या देल्या होत्या. त्या पोटातून घेतल्या का थायरॉइडची गोळी कमी पडू शकते म्हणे, म्हणून टीएसएच पुन्हा करायले लावलं, अन् माहा डोस वाढवा लागला. चामडीवर लावायचं औषध असते त्यानं एवढा फरक नाई पडत. अगोदर छाती तपासली, अंगावरून जाते का विचारलं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं तर ते ताबडतोब दाखवा लागते. हार्मोन नको असंन तर बिगर हार्मोनच्या गोळ्या बी असतेत, विचारून पाहा.

दारव्ह्याकडची:
सगळ्याइचं मनापासून धन्यवाद. सकाळची नाडी 104 भरली, म्हणून त्याच दिवशी लेकाच्या गाडीवर गेली. टीएसएच 0.06 आलं. डॉक्टर म्हणाले 0.4 च्या वर पाह्यजे. हृदयाची पट्टी काढली, ती बरी निघाली. गोळी पुन्हा 75 ची केली. चहासंग घेते हे सांगितलं तर म्हणाले, आता साध्या पाण्यासंग घ्या, चहा नंतर, अन् ही नवी पद्धत धरूनच पुढची तपासणी करू. सोयाबीनचं पीठ पूर्ण बंद नाई करायचं म्हणाले, रोज एकसारखं थोडं खा, पण गोळीपासून दूर. हाडाइची तपासणी बी लिहून देली.

धडधड आता बरीच बसली. लाटा येतेतच, पण रातच्यानं वल्ल्या फडक्यानं सोसवते. आता सून स्वतः गोळीची डबी समोर ठेवते अन् मंगच चुलीवर चहा मांडते.

निवृत्त सिस्टर:
बरं केलं ताई. पुढचं टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, तेव्हा पेरणीची धांदल असेल, म्हणून तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर नाडी अधूनमधून पाहत जा, आणि जुनी 100 ची डबी घरात असेल तर 75 च्या डबीजवळ ठेवू नका.