अंक आणि सर्वनामं उसनी घेतली जात नाहीत?

धातुपाठी: दोन भाषांचं नातं तपासायला एक ते दहा आणि मी-तू-आम्ही एवढं पुरतं. ब्रेटनचा (फ्रान्सच्या ब्रिटनीतली भाषा) 'पेम्प' आणि फेरोईचा (उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची भाषा) 'फिम्म' हे आपल्या 'पाच'चेच भाऊ. असे शब्द कुणी उसने आणत नाही.

अर्धतृतीय: दहाच्या पुढे जाऊन बघा. फेरोईत साठ म्हणजे 'त्रुइस' आणि पन्नास म्हणजे 'हॉल्वत्रुइस'. दोन्ही डॅनिशकडून आलेले. डॅनिशमध्ये साठ म्हणजे तीन विसा, पन्नास म्हणजे 'अर्धा तिसरा' गुणिले वीस. आपला 'अडीच'ही अर्धतृतीयच, त्यामुळे आपल्याला हिशेब लगेच कळतो. चर्च, शाळा, कचेरी शतकानुशतकं डॅनिशमध्ये चालली की आकडे बदलतातच.

धातुपाठी: म्हणून तर मी दहावर थांबलो. ब्रेटनमधलं 'त्रि-युगेंत' (तीन विसा) हेही बास्कसारख्या (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची, कुणाशीच नातं न जुळणारी भाषा) कुठल्या तरी जुन्या शेजाऱ्याचंच असणार.

खडूफळा: हे 'असणार' कशावरून? ब्रेटनमध्येच तीस म्हणजे 'त्रेगोंत', हा दशमान शब्द आहे. जुन्या आयरिशमध्येही ३० ते ९० दहाच्या पटीत: त्रीखा (३०), केथोर्खा (४०), कोईका (५०). म्हणजे केल्टिकचा (ब्रेटन, आयरिश यांच्या कुळाचा) मूळ साचा दशमान, विसा नंतरच्या. बास्ककडून आल्या की इथेच रुजल्या, हे निव्वळ साम्यावरून ठरत नाही.

आणि दहाच्या आतही भाबडेपणा नको. फेरोईच्या 'फुइरा'त (चार) 'फ' नियमाने येत नाही. या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेतल्या 'क्व'चा जर्मानिकमध्ये (फेरोई, डॅनिश, इंग्रजीचं कूळ) 'ह्व' व्हायला हवा होता. शेजारच्या पाचाने ओढला, असं मानतात. मोजणीत शेजारी शब्द एकमेकांना बिघडवतात. कानाला सारखं लागतं यापेक्षा नियमित जोड्या शोधा: मूळ 'स्व'चा ब्रेटनमध्ये 'ख्व' होतो. ख्वेख (सहा), ख्वी (तुम्ही), ख्वार (बहीण, संस्कृत स्वसृ). तीन शब्द, एकच बदल. हा पुरावा.

अर्धतृतीय: त्यात स्त्रीलिंगी तेइर (तीन), पेदेर (चार) घाला, संस्कृत तिस्रः, चतस्रः शेजारी ठेवा. एवढं आडवळणाचं रूप उसनं कोण घेईल! सर्वनामांत मात्र जपून. फेरोई 'वीत' म्हणजे आज आम्ही, पण जुन्या नॉर्समध्ये (फेरोई-डॅनिशची पूर्वज भाषा) ते द्विवचन होतं, 'आपण दोघे'. 'तीत'चंही (तुम्ही) तेच. त्यामुळे 'वीत'ची तुलना 'वयम्'शी केली की चूक होते. वयम्-चा भाऊ जुन्या नॉर्सचा 'वेर', आणि तो मागे पडला.

धातुपाठी: द्विवचनाचा मुद्दा मान्य. पण 'वीत' घरचंच निघालं ना? मग सर्वनाम उसनं घेतल्याचा एक तरी दाखला द्या.

खडूफळा: इंग्रजीचा 'दे' (they, म्हणजे ते), नॉर्सकडून.