मिनेसोटातला लांबलचक हिवाळा आणि बागेची ओढ: आत्ता काय करता येईल?

गुलबक्षी

सर्वांना नमस्कार. आम्ही मिनीआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहतो. अपार्टमेंट सोडून स्वतःच्या घरात आल्यावर गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मागच्या अंगणात वाफे करता आले, आणि मिरची, वांगी, टोमॅटो, दोडका, अळू यांनी ऑक्टोबर उजाडेपर्यंत घर भरून टाकले. आता त्या वाफ्यांवर गुडघाभर बर्फ साचला आहे, दोडक्याच्या मांडवाची फक्त वरची पट्टी तेवढी दिसते, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवे लावावे लागतात. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे लहानपणापासून ऐकत आले आहे. पण इथे आठवडेच्या आठवडे मळभ असते आणि तो फरक काही केल्या जाणवत नाही. त्यात बियाण्यांचे कॅटलॉग टपालाने येऊ लागले आहेत, त्यामुळे मातीत हात घालण्याची ओढ अधिकच वाढली आहे.

दक्षिणेकडच्या खिडकीत मिरची आणि वांग्याचे बी आत्ताच पेरावे असे मनात आहे. ते योग्य ठरेल का? दुसरे असे की, घरात आणलेल्या कढीपत्त्याची पाने पिवळी पडून रोज गळत आहेत. आणि वालपापडीचा वेल भरपूर वाढूनही त्याला सप्टेंबरच्या शेवटी फुले आली व पहिल्या फ्रॉस्टमध्ये, म्हणजे झाडे गोठवणाऱ्या थंडीत, तो गेला, त्याचे कारण समजले तर बरे होईल. आपण सारे हे महिने कसे काढता, हेही अवश्य सांगावे.

परसदार

मीही याच भागात बरीच वर्षे बाग करतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मिरची आणि वांगी आत्ता पेरू नका. इथे भाजीपाल्याचे वेळापत्रक शेवटच्या फ्रॉस्टपासून मागे मोजत ठरवायचे असते. ट्विन सिटीज, म्हणजे मिनीआपोलिस-सेंट पॉल, परिसरात मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्टचा धोका धरूनच चालावे लागते, आणि उष्णता मागणारी रोपे त्यानंतरच बाहेर जातात. मिरची व वांग्याला रोप तयार होण्यासाठी आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणजे त्यांची पेरणी मार्चच्या मध्यास येते. टोमॅटो एप्रिलच्या सुरुवातीला पेरावा. दोडका, काकडी आणि भोपळा यांना मुळे दुखावलेली चालत नाहीत आणि ती वाढतातही झपाट्याने, म्हणून त्यांचे बी एप्रिलअखेरीस कागदी कुंड्यांत टाकले तरी पुरते.

जानेवारीत पेरलेली मिरची उगवणार नाही असे नाही. ती उगवते, पण पुढे तिचे हाल होतात. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी आपल्याकडे पावणेनऊ तासांच्या आसपासच दिवस असतो आणि दहा तासांचा टप्पा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यात मळभ आणि काच यांतून गाळून येणारा उजेड इतका क्षीण असतो की रोप प्रकाशाच्या शोधात उंच, बारीक आणि लुळे होत जाते. शिवाय रात्री काचेजवळची हवा चांगलीच गार होते, आणि मिरचीच्या बियाला रुजण्यासाठी मातीत २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान हवे असते. दिव्यांखाली वाढवून हे सारे टाळले, तरी मेपर्यंत ते रोप लहान कुंडीत मुळांनी गच्च भरून जाते, तिथेच फुलावर येते, आणि बाहेर लावल्यावर मार्चमध्ये पेरलेले तरुण रोप त्याला सहज मागे टाकते. म्हणून आत्ताचा उत्साह दिव्यांच्या मांडणीवर खर्च करावा. साधे एलईडी शॉपलाइट रोपांच्या शेंड्यापासून दोन-चार इंचांवर टांगावेत, रोज चौदा ते सोळा तास सुरू ठेवावेत आणि रोपे वाढतील तसे वर उचलत जावेत. सोबत एक छोटा पंखा मंद गतीने फिरत ठेवला आणि पाणी खालच्या ट्रेमधून दिले, तर बुरशीने कोवळी रोपे बुडाशीच कोलमडण्याचे प्रमाण खूप कमी होते.

आता काही पेरायचेच असेल तर कांदा पेरावा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हीच त्याची वेळ आहे. बियाणे मात्र ‘लाँग डे’ प्रकारचेच, म्हणजे दिवस बराच मोठा झाल्यावर गड्डा धरणारे, घ्यावे. भारतात पिकणाऱ्या कांद्याच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसात गड्डा धरू लागतात. आपल्याकडे वसंतातच दिवस त्याहून मोठा होतो, त्यामुळे पात पुरती वाढण्याआधीच त्या गड्डा धरतात आणि तो लिंबाएवढाच राहतो. कांद्याचे बी जुने चालत नाही, ते दरवर्षी नवे घ्यावे. टोमॅटोचे बी नीट ठेवले तर चार वर्षे टिकते. मिरचीचे त्याहून कमी. जुन्या पाकिटांबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून उबदार जागी ठेवाव्यात. त्यांतल्या सहा-सात रुजल्या तर थोडे दाट पेरून काम भागते. दोन-तीनच रुजल्या तर नवे पाकीट मागवावे. या चाचणीसाठी याहून निवांत काळ वर्षात दुसरा नाही.

बर्फाबद्दल एक सांगावेसे वाटते. तुमच्या वाफ्यांवरचा तो थर दिसायला उदास असला तरी तो जमिनीवरचे पांघरूणच आहे. बाहेर उणे २५ असताना जाड बर्फाखालची माती शून्याच्या थोडीच खाली राहते, आणि बहुवर्षायू फुलझाडांची मुळे व ऑक्टोबरमध्ये लावलेला लसूण त्यामुळेच तगतात. लसणाला तर ही थंडी हवीच असते; ती मिळाली नाही तर त्याच्या पाकळ्या सुट्या होत नाहीत. म्हणून वाफ्यांवरचा बर्फ उपसू नका, आणि रस्त्याकडचा मीठ मिसळलेला बर्फ त्यांवर टाकू नका.

सोनटक्का

मी टोरांटोहून लिहीत आहे. परसदार यांचे मिरची-वांग्याबद्दलचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. आमच्याकडेही व्हिक्टोरिया डेच्या आसपास, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती बाहेर जातात. मात्र आत्ता पेरण्यासारखे कांद्याखेरीज काही नाही, असा कुणाचा समज होऊ नये. याच दिवसांत बाहेर, थेट बर्फात पेरता येते, आणि मला स्वतःला हिवाळ्यात सर्वाधिक आधार याच कामाने दिला आहे.

दुधाचा चार लिटरचा किंवा एक गॅलनचा अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा कॅन धुऊन घ्यावा. तळाला पाच-सहा भोके पाडावीत, मूठ जिथे संपते त्या उंचीवर कॅन आडवा कापावा आणि मुठीखालचा थोडा भाग न कापता बिजागरीसारखा राहू द्यावा. आत तीन-चार इंच ओलसर कुंडीमाती भरून बी पेरावे, कापलेली कड चिकटपट्टीने बंद करावी, झाकण काढून टाकावे आणि कॅन अंगणात उघड्यावर ठेवून द्यावा. बर्फ पडतो, वितळतो, उघड्या तोंडातून पाणी आत जाते, माती गोठते आणि पुन्हा सैल होते. मिल्कवीड आणि कोनफ्लॉवर यांसारख्या इथल्या रानफुलांच्या बियांना रुजण्यापूर्वी काही आठवडे अशी ओली थंडी लागतेच, आणि ती देण्यासाठी फ्रिजमध्ये जागा अडवण्याची गरज उरत नाही. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या फक्त मिल्कवीडच्या जातीच खातात, त्यामुळे एखादा कॅन त्याच्यासाठी जरूर राखून ठेवा. पालक, लेट्यूस, केल आणि कोथिंबीरही याच पद्धतीने चांगली येतात. एप्रिलमध्ये त्यांना आपसूक वेळ कळते आणि अशी रोपे बाहेरच्या हवेला सरावलेलीच असतात. वाढत्या उन्हात मात्र चिकटपट्टी काढून कॅनचा कापलेला वरचा भाग दिवसा उघडावा, नाहीतर आत उष्णता कोंडून रोपे होरपळतात. कॅनवरच्या मार्करची शाई उन्हापावसात पुसट होते, म्हणून आत मातीतही पेन्सिलीने लिहिलेली पट्टी खोचून ठेवावी.

ओसरी

कढीपत्त्याची काळजी करू नका. उजेड कमी झाला आणि मुळांशी गारवा आला की तो विश्रांतीला जातो आणि बऱ्याचदा पूर्ण निष्पर्ण होतो. झाड जिवंत आहे का हे पाहायचे असेल तर बुडापासून वीतभर उंचीवर नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा रंग दिसला तर झाड सुखरूप आहे. या अवस्थेत पाने गळताना पाहून लोक मायेपोटी पाणी वाढवतात आणि मुळे कुजून झाड जाते. वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. खत नवे कोंब दिसेपर्यंत मुळीच नको, आणि कुंडीही आत्ता बदलू नये.

तरीही उरलेली पाने उलटून एकदा नीट पाहा. हीटरने हवा कोरडी पडली की कोळीकिडीला ती मानवते. पानामागे राखेसारखे बारीक ठिपके आणि देठाच्या बेचक्यात विरळ जाळे दिसले तर झाड बाथरूममध्ये नेऊन कोमट पाण्याच्या फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवावी, आणि आठवड्याने पुन्हा धुवावी. मार्चमध्ये उजेड वाढला की शेंडे खुडावेत, म्हणजे फुटवे भरपूर येतात. नवे झाड मागवण्याचा विचार असेल तर एवढे लक्षात असू द्या की कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी सिला कीड त्यावरही जगते. त्यामुळे त्याची रोपे काही राज्यांमधून बाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत. रोप परवानाधारक रोपवाटिकेकडूनच घ्यावे.

कृष्णकमळ

बागेबद्दल वर सर्वांनी उत्तम लिहिले आहे, म्हणून मी शेवटच्या प्रश्नाकडे वळते. सेंट पॉलच्या कोमो पार्कमध्ये १९१५ साली उघडलेले काचघर आहे. आज ते मार्जोरी मॅकनीली कॉन्झर्वेटरी म्हणून ओळखले जाते. प्रवेश विनामूल्य आहे, देणगी ऐच्छिक. बाहेरच्या कोरड्या, बोचऱ्या थंडीतून आत पाऊल टाकले की चष्म्यावर क्षणात वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो. तिथल्या नेचांच्या दालनात अर्धा तास बसले तरी कोकणात श्रावणात फिरून आल्यासारखे वाटते. सखल बागेत हिवाळ्यातही फुलांचे प्रदर्शन असते. जानेवारी-फेब्रुवारीत मी तिथे नेमाने जाते. सोनटक्का यांच्या गावातल्या अ‍ॅलन गार्डन्सच्या पाम हाउसबद्दलही मी हेच म्हणेन.

दुसरी गोष्ट अधिक गांभीर्याने सांगते. हिवाळ्यात वाटणारी उदासी दरवेळी केवळ बागेच्या ओढीतून आलेली नसते. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुबदलाशी निगडित नैराश्याचे वर्णन केले आणि तेव्हापासून त्यावर प्रकाशोपचार वापरला जातो. सकाळी उठल्यावर लवकर, १०,००० लक्सच्या दिव्यासमोर वीस ते तीस मिनिटे बसणे ही त्याची रूढ पद्धत आहे. झोप फार वाढली असेल, कशातच रस वाटत नसेल आणि ते आठवड्यांमागून आठवडे टिकून असेल, तर डॉक्टरांशी बोला. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी असा दिवा विचारल्याशिवाय वापरू नये. आपल्याकडची पुष्कळ माणसे याला ‘हवामानच असे आहे’ म्हणून अंगावर काढतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि दिवस खरोखरच वाढत आहे. आपल्या अक्षांशावर सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच होऊन जातो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या आरंभी असतो. म्हणजे संध्याकाळ संक्रांतीच्या महिनाभर आधीच लांबू लागलेली असते.

गुलबक्षी

इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. कढीपत्त्याची साल खरवडून पाहिली, आत छान हिरवी आहे. येत्या शनिवारी कोमोला जाण्याचे ठरवले आहे आणि दुधाचे कॅन आजपासून जमवते. वालाचे कोडे मात्र अजून सुटले नाही. अळकुड्याही तळघरात ठेवल्या आहेत, त्यांचे पुढे काय करावे?

परसदार

वालाचे लिहायचे राहून गेले होते. वालाच्या बहुतेक पारंपरिक वेली दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. महाराष्ट्रात ते थंडीच्या हंगामाशी अगदी जुळते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा असतो, त्यामुळे वेल नुसता पसरत राहतो. सप्टेंबरअखेर रात्र पुरेशी मोठी झाली की कळ्या धरतात आणि लगेच फ्रॉस्ट येतो. तुमच्या मशागतीत काही कमी नव्हते. यावर उपाय एकच, दिवसाच्या लांबीशी बांधलेली नसलेली बुटकी जात लावणे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का जय आणि अर्का विजय या तशाच जाती आहेत. भारतातून बियाणे मागवायचे तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे सामानात पुडी टाकून आणू नये. अमेरिकेतल्या काही विक्रेत्यांकडे आशियाई भाज्यांच्या यादीत अशा जाती मिळतात, तिथे ‘डे न्यूट्रल’ असे लिहिलेले आहे का ते पाहून घ्यावे.

अळकुड्या डेलियाच्या कंदांइतक्या गारठ्यात ठेवू नयेत. बारा-पंधरा अंशांची कोरडी जागा त्यांना मानवते. महिन्यातून एकदा प्रत्येक कंद दाबून पाहावा. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर तो लगेच बाजूला काढावा, नाहीतर शेजारचेही कुजतात. भुशात ठेवलेले कंद फारच सुरकुतले असतील तर भुशावर पाण्याचा हलका शिपका द्यावा. एप्रिलच्या मध्यास ते कुंडीत लावून उबेत ठेवले, की जूनच्या आरंभी बाहेर जाताना त्यांना दोन-तीन पाने आलेली असतात आणि वडीजोगी पाने जुलैतच मिळू लागतात.