मदत हवी आहे: जेट हॅरिसचा ‘डायमंड्स’मधला खर्जातला आवाज कसा काढायचा?

मंडळी, ‘द शॅडोज’ या ब्रिटिश गिटार बँडचा पहिला बेसिस्ट (बेस गिटार वाजवणारा) जेट हॅरिस कोणी नीट ऐकलाय का? त्यांच्या ‘अपाची’ या धूनवर (1960) बेस त्याचाच. 1962 मध्ये त्याने बँड सोडला आणि खर्जातल्या तारांवर चक्क मुख्य सुरावट वाजवायला लागला. ड्रमर टोनी मीहनबरोबरचं ‘डायमंड्स’ 1963 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. त्याच वर्षी गाडीचा अपघात झाला आणि घोडं अडलं ते अडलंच. माझ्या मते शॅडोजमध्ये सगळ्यात वेगळा कान त्याचाच होता, पण नाव होतं ते मुख्य गिटारवादक हँक मार्विनचं. असो.

अडचण अशी: ‘डायमंड्स’साठी कोणी म्हणतं फेंडरचा सहा तारांचा बेस (गिटारपेक्षा एक सप्तक खाली), कोणी म्हणतं जॅग्वार गिटारच्या तारांचा सूर उतरवून. साध्या गिटारवर मी खालची तार ई वरून डी ला आणली, तर ती ढिली पडून पट्ट्यांवर (फ्रेट्सवर) खरखरते. जाड तारांचा सेट लावू का? लावला तर नट (गळ्याच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) घासून घ्यावा लागेल का? की सरळ बॅरिटोन गिटारच (लांब गळ्याची, खालच्या सुरांची) बघू? ज्यांनी स्वतः वाजवून पाहिलंय त्यांनी तारांचे गेज (जाडी) सांगा प्लीज.